केंदाळ कापून भागत नाही, उचलावं लागतं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जलपर्णीबद्दल, म्हणजेच केंदाळाबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतके मेसेज आले की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. बहुतेक पुण्यातले आणि आजूबाजूचे, एक पार भिगवणकडचा. नावं कुणाचीच छापत नाही. प्रश्न जागेअभावी थोडे आखडते घेतलेत, राग मानू नका.

पाषाणहून एक ताई : आमच्या बाल्कनीतून तळं दिसतं. दर वर्षी मशीन येतं, पंधरा-वीस दिवस खडखडाट, मग स्वच्छ पाणी दिसतं आणि दोन महिन्यांत परत हिरवं मैदान. मशीनमध्ये खोट आहे की माणसांत?

ताई, मशीन ठीक आहे आणि त्याच्यावरची पोरंही भर उन्हात राबतात, खोट आहे ती हिशोबात. जलपर्णीला ऊन, ऊब आणि मैलापाणी मिळालं की साधारण दोन आठवड्यांत ती आपला पसारा दुप्पट करते. आता समजा मशीनने ९५ टक्के माल काढला, म्हणजे काम अगदी चोख झालं. राहिली ५ टक्के. पंधरा दिवसांनी १०, महिन्याने २०, दीड महिन्याने ४० आणि दोन महिने झाले की ८०. तुम्ही दोन महिने म्हणालात ना, अगदी बरोबर बघितलंय तुम्ही.

ही पाच टक्के राहते कुठे, तर काठाला. हार्वेस्टर म्हणजे एक तरंगता तराफा असतो, दोन्ही बाजूंना वल्ह्यांची मोठी चाकं (पंखा लावला तर केंदाळ त्यात गुंडाळून बसतं, म्हणून चाकं), पुढे पाण्यात तिरका उतरणारा जाळीचा सरकता पट्टा आणि त्याच्या तोंडाशी भातकापणीच्या मशीनला असतात तशी पुढेमागे सरकणारी पाती. पाती कापतात, पट्टा उचलून मागे पोटात टाकतो, पोट भरलं की काठाला येऊन ओतायचं आणि परत जायचं. पण या सगळ्याला खाली पाणी लागतं. काठाजवळ गुडघाभर पाण्यात तराफा गाळाला टेकतो, तिथली जलपर्णी, बाभळीच्या मुळांत अडकलेली, दगडांच्या खाचेतली, तिला मशीन हात लावू शकत नाही. म्हणजे ज्या पाच टक्क्यांवर सगळं काम तोललेलं असतं ती हातानेच काढावी लागतात, आणि नेमकं त्यासाठी टेंडरमध्ये माणसंच धरलेली नसतात. मशीन गेल्यावर पुढचे सहा महिने दर पंधरवड्याला एक होडी आणि दोन माणसं काठाने फिरली पाहिजेत, बास. खर्च मशीनच्या मानाने किरकोळ, पण फोटोत काही दिसत नाही म्हणून होत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण आधीचे सगळे पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

एकदा एक रोप हातात घेऊन बघा. देठाला फुगा असतो, तो चिरला तर आत पांढरा स्पंज, त्याच्यावर ती तरंगते. खाली काळपट जांभळी मुळं, पिसासारखी. आणि बाजूने बोटाएवढा एक दोरा निघालेला असतो, त्याच्या टोकाला पिल्लू. त्या पिल्लालाही दोरा फुटलेला असतो. हा दोरा तुटला की एकाची दोन रोपं होतात, म्हणून नुसतं कापून पाण्यात सोडून देणं म्हणजे लावणी करण्यासारखं आहे. कापलेलं सगळं बाहेर आलंच पाहिजे.

फूल दिसायला फार देखणं, फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका मोराच्या डोळ्यासारखा. फुलोरा झाला की दांडा वाकतो आणि बिया पाण्याखाली नेतो. त्या गाळात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतात आणि उन्हाळ्यात पाणी आटून ओला गाळ उघडा पडला की उगवतात. तेव्हा काम फुलोऱ्याच्या आधीच व्हायला हवं. आपल्याकडे पावसाळ्यात पुराने बरीच वाहून जाते, ऑक्टोबरला प्रवाह मंदावला की उरलेले पुंजके वाढायला लागतात. नोव्हेंबरमध्ये ते टेम्पोत मावतील एवढे असतात आणि मार्चमध्ये डंपर लागतात. तुमच्या भागातलं काम कोणत्या महिन्यात सुरू होतं ते बघा आणि नगरसेवकांना तेवढा एकच प्रश्न विचारा, नोव्हेंबरमध्ये का नाही.

आणि मूळ दुखणं तर वेगळंच आहे. पाषाण तळं राम नदीवर आहे, राम नदी वरून भूगाव-बावधनकडून येते आणि येताना वस्त्यांचं सांडपाणी घेऊन येते. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे जलपर्णीचं जेवण. पुण्यात मुळा-मुठेसाठी २०१६ च्या जानेवारीत जपानच्या जायका या सरकारी अर्थसाहाय्य संस्थेबरोबर कर्जाचा करार झाला, ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी (म्हणजे रोज ३९.६ कोटी लिटर) क्षमता असा तो प्रकल्प. चांगली गोष्ट आहे, व्हायलाच हवी. पण साध्या मैलाशुद्धीकरण केंद्रातून घाण निघते, नायट्रोजन-फॉस्फरस त्यासाठी मुद्दाम सोय केली तरच पुरेसा निघतो. म्हणून 'शुद्ध केलेलं पाणी सोडलं तरी जलपर्णी का' असं वाटलं तर नवल वाटून घेऊ नका.

केशवनगरहून एक काका : डासांनी जीव नकोसा झालाय. सगळे म्हणतात जलपर्णीमुळे. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, काका. जलपर्णीच्या गालिच्यात पाणी हलत नाही, लाटा उठत नाहीत, अळ्या खाणारे गप्पी मासे आत शिरू शकत नाहीत, त्यामुळे घाण पाण्यात वाढणारा क्युलेक डास तिथे मजेत वाढतो. मॅन्सोनिया नावाचा एक डास तर याच्याही पुढचा, त्याच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांना भोक पाडून तिथलीच हवा घेतात, श्वासासाठी वर यायची त्यांना गरजच नाही, त्यामुळे पाण्यावर तेल टाकून त्या मरत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत तुमच्याच केशवनगर-खराडी भागात नदीवर वावटळीसारखा उभा राहिलेला किड्यांचा खांब सगळ्यांनी व्हिडिओत बघितला. अशा थव्यांमध्ये बऱ्याचदा न चावणाऱ्या, डासासारख्याच दिसणाऱ्या माश्याही असतात, पण त्या इतक्या संख्येने आल्या की पाणी कुजलंय हे नक्की समजायचं.

पण डेंग्यूचा एडिस नदीत वाढत नाही, तो तुमच्या कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो. नदी साफ झाली तरी तो राहील. तेव्हा जलपर्णीसाठी भांडाच, पण आठवड्यातून एक दिवस गच्चीवर पण चक्कर मारा.

हवेली तालुक्यातले एक ग्रामपंचायत सदस्य : गावतळं तीन एकराचं, पूर्ण भरलंय. एक जण हार्वेस्टर भाड्याने देतो म्हणतो, दुसरा पोकलेन, तिसरा टनावर काम घेतो म्हणतो. कुणाला द्यावं?

दादा, आधी वजन करा, मग बोलणी. आम्ही एका तळ्यावर हे स्वतः केलं होतं, सोपं आहे. पीव्हीसी पाइपचे मीटर-मीटरचे चार तुकडे जोडून चौकट करायची, ती केंदाळावर ठेवायची आणि आतली सगळी रोपं मुळांसकट गोणीत भरायची, पाच मिनिटं निथळू द्यायची आणि ताणकाट्याला लटकवायची. पहिल्यांदा काटा बघितला तेव्हा मला वाटलं गोणीत दगड आलाय, तीस किलोच्या आसपास गेला होता, एका चौरस मीटरला! दाट केंदाळ २५ ते ४० किलो भरतंच. तुमचं तीन एकर म्हणजे बारा हजार चौरस मीटर, म्हणजे कमीत कमी तीनशे टन. आणि त्याच गोणीतलं एक किलो ताडपत्रीवर कडक वाळवलं तर हातात उरतं पन्नास-साठ ग्रॅम. बाकी सगळं पाणी.

आता यातून तुमचा निर्णय आपोआप निघतो बघा. टनावर काम दिलंत तर तुम्ही पाण्याला भाडं देताय, ओलं जितकं जास्त तितकं बिल जास्त, कोण निथळू देईल? तासावर दिलंत तर मशीन तळ्यात फिरत राहील. मला विचाराल तर करार एकाच गोष्टीवर करा, पाणी किती महिने मोकळं राहिलं. अर्धे पैसे सफाई झाल्यावर, उरलेले सहा महिन्यांत हप्त्याने, काठ मोकळे दिसले तर. असा करार घ्यायला काही लोक तयार होणार नाहीत, न होवोत, त्यावरूनच माणूस कळतो.

हार्वेस्टर तीन एकराला जड आहे. त्याची ने-आण, उतरवायला क्रेन, काठावर धक्का, हे सगळं मोठ्या तळ्याला परवडतं. मशीनचा वेळही कापण्यात कमी आणि काठाला येण्याजाण्यात जास्त जातो, म्हणून मोठ्या कामात सोबत दुसरा तराफा ठेवतात, तो माल नेतो आणि हार्वेस्टर कापत राहतो. तुमच्याकडे दोर वापरा. जाड नायलॉनचा दोर, त्याला हात-हात अंतरावर बांबू, होडीतून केंदाळाला वेढा घालायचा आणि दोन्ही टोकं काठावरून ओढायची, एका टोकाला ट्रॅक्टर दिला तरी चालेल पण हळू, नाहीतर दोर केंदाळावरून घसरतो. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे वारा पश्चिमेकडून सुटतो, केंदाळ आपसूक पूर्वेच्या काठाला जमतं, मग सकाळी वेढा टाका आणि दुपारी ओढा, वारा निम्मं काम करतो. काठाला आलं की तिथे पोकलेन घ्या, पण साधं बकेट नको, जाळीचं किंवा दातेरी, ज्यातून पाणी गळून जातं. साध्या बकेटने काठाची माती आणि गाळ पण उपसला जातो आणि तळ्याचा काठच खचतो.

काढलेला माल काठावर तीन-चार दिवस निथळू द्या, वजन चांगलं उतरतं आणि ट्रॉलीच्या खेपा कमी होतात. पण आठवड्याच्या वर ठेवू नका. कुजायला लागला की काळं पाणी सुटतं, ते उतारावरून परत तळ्यात गेलं की जे काढलं तेच खत म्हणून परत घातलं. पहिल्या पावसात काठावरचे ढीग तळ्यात परत गेलेले मी दोन गावांत बघितलेत.

वाकडहून एक वाचक : मीठ किंवा तणनाशक मारून मोकळं का होऊ नये?

नको, अजिबात नको. मेलेली जलपर्णी कुठे जात नाही, ती तिथेच बुडते आणि कुजते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात, आणि तिने शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं, पुढच्या पिकासाठी. त्या पाण्यावर कुणाची गुरं येतात, कुणाची विहीर त्या काठाला आहे, कुणाची मोटर. मिठाने जलपर्णी मरण्याआधी बाकी सगळं मरेल. नदी-तळ्यावर स्वतःच्या मनाने काहीही फवारू नका.

पुण्यातली एक विद्यार्थिनी : मी पक्षी बघते. आमच्या गावाजवळच्या तळ्यावर सुशोभीकरण म्हणून पोकलेनने सगळं पाणकणीस खरवडून काढलं. मागच्या पावसाळ्यात तिथे जांभळ्या पाणकोंबडीची घरटी होती. जलपर्णी वाईट तर पाणकणीस चांगलं कसं?

तुझं पत्र दोनदा वाचलं. हा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण आपल्याकडे पाण्यात जे जे हिरवं ते सगळं 'घाण' या एका शब्दात जातं.

जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, आपल्या पाण्यात तिला आवर घालणारं काही नव्हतं. पाणकणीस, लव्हाळी, नळ ही इथलीच, मुळं गाळात रोवून काठाला उभी राहणारी, पाण्यावर गालिचा न टाकणारी. त्यांच्या मुळांशी हवा जाते, तिथे जिवाणू वाढतात आणि सांडपाणी थोडं का होईना गाळून निघतं, काठाची माती धरून राहते, लाटांनी खचत नाही. जांभळी पाणकोंबडी त्यात घरटं करते, पिल्लं त्यात लपतात, सुगरण त्याच्या पात्यांचे दोरे ओरबाडून नेते. हे सगळं तुला माहितीच आहे, पण ज्यांनी पोकलेन लावला त्यांना कुणी सांगितलं नसणार.

तरी पाणकणीस पण मोकाट सोडून चालत नाही हेही तितकंच खरं. उथळ तळं ते भरून टाकतं, वारकरी पक्ष्यांना आणि हळदी-कुंकू बदकांना मोकळं पाणी लागतं, ते उरत नाही. म्हणून खरवडायचं नाही, कापायचं, आणि तेही पट्ट्यापट्ट्याने. काठाचे तीन भाग कर, एका वर्षी एक भाग कापायचा, दोन तसेच ठेवायचे, पुढच्या वर्षी दुसरा. म्हणजे दर वर्षी कुठे कोवळं, कुठे जुनं, कुठे मोकळं पाणी. वेळ डिसेंबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर घरट्यांचे दिवस, तेव्हा पाण्यात पातं सुद्धा घालायचं नाही.

कापायच्या उंचीत सगळी गंमत आहे. पाणकणसाच्या दांड्यात आडवा काप घेऊन बघ, आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या हवेच्या नळ्या दिसतील. वरून हवा या नळ्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत जाते, वाळलेल्या दांड्यांतून पण जाते. पाण्याच्या वर कापलंस तर नळ्या उघड्या राहतात आणि ते परत जोमाने फुटतं. जिथे हटवायचं असेल तिथे पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापायचं, कोवळेच नाही तर सुकलेले दांडेसुद्धा, आणि पाणी काही आठवडे कापाच्या वर राहिलं पाहिजे. कंद गुदमरतो. ना औषध, ना पोकलेन, एक लांब दांड्याचा विळा पुरतो.

कायद्याचं म्हणशील तर पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, भराव घालायला, कचरा टाकायला, सांडपाणी सोडायला त्यात मनाई आहे. पण नदीपात्र आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे तुमच्या तळ्याला ते लागू होतीलच असं धरून चालू नकोस. त्यापेक्षा तुझ्या घरट्यांच्या नोंदी, तारखा, काठाच्या कोणत्या बाजूला, हे कागदावर काढून ग्रामसभेत दे. नकाशावर ठिपके दिसले की माणसं ऐकतात, मी स्वतः अनुभवलंय.

आणि एक. जलपर्णी काढताना सुद्धा सगळी एका दिवसात काढू देऊ नकोस. कमळपक्षी, बगळे तिच्यावर पण चालतात, तिच्या मुळांत झिंगे आणि बारकी मासळी असते. मशीनचा पट्टा वर येताना कधी कधी त्यावर कासव येतं. पट्टा हळू ठेवला आणि एक माणूस टोपली घेऊन तिथे उभा केला तर ते परत पाण्यात जातं, एवढं तरी कुणीही करू शकतं.

भिगवणकडून एक मच्छीमार : पुण्याचं केंदाळ पुरात आमच्याकडे येतं. जाळी फाटतात, होडी घालता येत नाही. तुम्ही पुणेकर साफ करता म्हणजे काय करता?

दादा, तुमचा राग रास्त आहे. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला, आणि सगळं शेवटी उजनीत तुमच्या दारात येतं. बंधाऱ्याच्या दारातून पाणी सोडून केंदाळ पुढे ढकललं तर इथल्या लोकांना नदी साफ दिसते, पण ती सफाई नव्हे, ते फक्त पत्ता बदलणं झालं. यावर उपाय म्हणजे पाऊस लागायच्या आधी पुण्यातच ते बाहेर निघालं पाहिजे, आणि जे निसटेल ते वाटेत अडवलं पाहिजे. अडवणारा दोर किंवा ड्रमची साखळी नदीत सरळ आडवी टाकली तर तटतटून तुटते. ती तिरकी टाकायची, म्हणजे प्रवाहच केंदाळाला एका काठाकडे सरकवतो आणि तिथून पोकलेन उचलतो. पुरात मात्र कुठलीच साखळी टिकत नाही, तेव्हा काम जूनच्या आधीच. तुमच्या भागात जाळ्यांच्या वरच्या अंगाला उथळ पाण्यात अशी छोटी तिरकी साखळी बांबूवर बांधून बघा, थोडं तरी वाचेल.

मोशीहून बचत गटाच्या एक ताई : आम्हाला जलपर्णीचं खत करायचंय, कुणी टोपल्यांचंही सुचवलंय. जमेल का?

जमेल, पण पहिला प्रश्न जलपर्णी कुठली. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम शोषून घेते, मुळांत जास्त, पानांत कमी. ज्या नदीला कारखान्यांचं पाणी मिळतं तिथली असेल तर आधी खताची लॅबमध्ये तपासणी करून घ्या, आणि तोवर ते भाजीला घालू नका, फुलझाडांना, रस्त्याकडेच्या झाडांना घाला. गुरांनाही घालू नका.

करायची पद्धत साधी. मुळं तोडून टाका, बाकीचं विळीने वीतभर तुकडे करा, एक-दोन दिवस सुकवा, नाहीतर नुसता लगदा होतो आणि वास सुटतो. मग वीतभर थर जलपर्णीचा, त्यावर सुका पाला किंवा उसाचं पाचट, त्यावर शेणकाला, असं कमरेएवढं रचत न्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात हात घालवणार नाही इतकी ऊब आली पाहिजे, पंचावन्न-साठ अंश. ती उष्णता आली तरच बिया मरतात, न तापलेलं खत कुणाच्या शेततळ्याजवळ गेलं तर तुमच्या हातून नवीन तळं बिघडलं. म्हणून दर दहा-बारा दिवसांनी ढीग उलटा, बाहेरचं आत जाऊ द्या. अडीच-तीन महिन्यांत काळं भुरभुरीत होतं.

टोपल्या, चटया, पिशव्या आसामात बायका सुंदर करतात, देठ वाळवून. त्यासाठी हातभर लांब देठ लागतात, ते दाट वाढलेल्या केंदाळातच मिळतात, सुट्या रोपांचे देठ आखूड आणि फुगीर असतात. पण एक सांगतो, तुम्हाला मोठ्या बहिणीसारखं मानून, टोपल्यांनी तळं साफ होणार नाही. तुम्ही वापराल त्याच्या हजारपट ती उगवते. घरात चार पैसे येतील म्हणून जरूर करा.

एक शिक्षक, तळेगाव दाभाडे : ही वनस्पती खाणारा किडा असतो म्हणतात. तो सोडून का देत नाहीत?

सोडलाय, सर. निओकेटिना जातीचे दोन भुंगेरे आहेत, मूळचे दक्षिण अमेरिकेचेच, दाण्याएवढे, पाच मिलिमीटरच्या आतबाहेर. १९८० च्या दशकात आपल्याकडे बेंगळुरूजवळच्या तळ्यांत सोडले आणि तिथे चांगला उतारा पडला, मणिपूरच्या लोकटाक सरोवरातही. पानावर बारीक फिकट ओरखडे दिसले की ओळखा हा आलाय, अळ्या देठ पोखरतात आणि रोप खालून सडतं. पण याला दोन-तीन ते पाच वर्षं लागतात, आणि पाण्यात मैला भरपूर असेल तर किडा खातो त्यापेक्षा जलपर्णी वेगाने वाढते. शिवाय आपण मशीनने सगळी जलपर्णी उचलली की किडेही ट्रॉलीत जातात. म्हणून दोन्ही करायचं असेल तर एका कोपऱ्यात बांबूच्या चौकटीत थोडी जलपर्णी मुद्दाम ठेवायची, किड्यांचं घर म्हणून. हे काम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करायचं, शाळेने परस्पर नको.

मुलांना सांगायला एक खरी गोष्ट देतो. १९१० मध्ये अमेरिकेत लुईझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी विधेयक आणलं होतं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांत सोडावेत, ते जलपर्णी खातील आणि लोकांना मांसही मिळेल. ते मंजूर झालं नाही. आणि आपल्याकडे बंगालमध्ये १९३६ मध्ये जलपर्णीसाठी खास कायदा झाला, आपल्या जमिनीतली, पाण्यातली जलपर्णी काढायची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकणारा. म्हणजे शंभर वर्षं झाली, माणूस या एका रोपाशी झगडतोय.

बोपोडीचा एक तरुण मंडळवाला : आम्ही पंधरा-वीस पोरं रविवारी नदीवर श्रमदान करतो. काय काळजी घ्यावी?

गमबूट आणि जाड रबरी हातमोजे हवेतच, तळाला काचा असतात. अंगावर जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. केंदाळात विरोळे (पाणसाप) असतात, बिनविषारी पण चिडखोर, हात घालायच्या आधी काठीने हलवा, तो निघून जातो. पोहता न येणाऱ्याने काठावर ढीग ओढायचे, पाण्यात नाही. केंदाळाचा गालिचा जमिनीसारखा दिसतो पण तो पाय धरत नाही, त्याच्यावर कुणी कधीही पाऊल टाकायचं नाही, हे दर रविवारी नव्याने सांगा.

आणि निघताना होडी, दोर, पंजे, गमबूट सगळं काठावरच धुवा, उन्हात ठेवा. होडीच्या तळाला, दोराच्या गाठीत बोटभर तुकडा चिकटलेला असतो. पुढच्या रविवारी तुम्ही दुसऱ्या स्वच्छ तळ्यावर गेलात तर तेवढा एक तुकडा पुरतो.